मोतीबिंदू काढताना बुबुळाला धोका कसा?

प्रश्न : आईचं (वय 72) मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. तपासणीत कॉर्नियाच्या (बुबुळाच्या पारदर्शक पडद्याच्या) पेशी 1150 निघाल्या. ‘बुबुळाला सूज येऊ शकते’ असं डॉक्टर म्हणतात. आणखी काही महिने थांबावं का?

उत्तर : थांबून तोटाच होईल. कॉर्नियाच्या आतल्या अंगाला एन्डोथेलियम हा पेशींचा एकेरी थर असतो. आत झिरपणारं पाणी तो सतत उपसतो, म्हणून कॉर्निया पारदर्शक राहतो. या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत, शेजारच्या पसरून जागा भरतात. प्रौढांत चौरस मिलिमीटरला साधारण 2000 ते 3000 असतात. 500 च्या आसपास उतरल्या की उपसा अपुरा पडतो. आईंची पुंजी पुरेशी आहे, उधळण्याइतकी नाही.

हा थर भिंगापासून जेमतेम 3 मिलिमीटरवर. फेकोच्या (कंपनांनी भिंग फोडून शोषून घेण्याच्या पद्धतीच्या) सुईची अल्ट्रासाउंड कंपनं, उष्णता, पाण्याचा झोत, भिरभिरणारे तुकडे, सगळं तिथेच. मोतीबिंदू जितका जुना आणि कडक, तितकी जास्त ऊर्जा लागते.

बचाव मुख्यतः डोळ्यात भरायच्या जेलचा. आधी चिकटून राहणारं जेल सोडतात, मग त्याच्याखाली घट्ट जेल भरून पहिलं कॉर्नियाला लिंपतात. हे लिंपण पाण्याने हळूहळू धुपतं. सुईतून सुटलेला हवेचा बुडबुडा कॉर्नियाखाली जागीच अडकून असेल तर जेल शाबूत. तो हिंडू लागला की थांबून पुन्हा भरावं. कडक भिंगात हे दोनतीनदाही करावं लागतं, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं. शेवटी सगळं जेल, नव्या भिंगामागचंही, धुऊन काढायचं. राहिलं तर डोळ्याचा दाब चढतो.

भिंग कोरत बसण्यापेक्षा चॉपरने (बारीक आकडीसारख्या हत्याराने) फोडलं तर ऊर्जा वाचते. सुई कॉर्नियापासून लांब, भिंगाच्या पिशवीतच ठेवायची. फारच कडक असेल तर थोडी मोठी चीर देऊन गाभा अख्खा काढणं शहाणपणाचं. त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ऑपरेशनला पाच दिवस झाले. सकाळी धूसर दिसतं, दुपारपर्यंत निवळतं. असं का?

उत्तर : कॉर्नियाला थोडी सूज आहे. रात्रभर पापण्या मिटलेल्या, त्यामुळे पाणी उडून जात नाही. डॉक्टरांना सांगा; ते बहुधा स्टेरॉइडचे थेंब चालू ठेवून 5 टक्के मिठाचे थेंब जोडतील. सूज सहसा काही आठवड्यांत उतरते. मात्र दुखणं, लाली वाढली किंवा नजर खालावली तर त्याच दिवशी डोळा दाखवा.