परवानगी ओपीडीची मिळाली म्हणून अभ्यासही ओपीडीचाच करू नका

तुमची पोस्ट वाचताना वाटलं, ही मीच लिहिली होती की काय. वस्त्यांमधल्या लोकांना आरोग्यसेवा कितपत मिळते हा विषय, मुंबई हे ठिकाण, परवानगीसाठी चार महिने फिरणारा अर्ज, "काहीतरी सुरू करा" म्हणणारे प्रबंधाचे गाइड, आणि आता एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत २०० रुग्णांशी बोलायची परवानगी मिळेल अशी आशा. तुम्ही विचारलंय की मिळाली तर तेवढ्यावर काम उरकून घेऊ का. माझं उत्तर नाही असं आहे. का ते जरा लांबण लावून सांगते, कारण हीच चूक करून माझं एम.फिल.चं एक वर्ष आणि फेलोशिपचे शेवटचे हप्ते गेले.

संमतीपत्र, एथिक्स कमिटी, नमुना (ज्यांना विचारायचं ते लोक) किती घ्यायचा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझा अर्ज सात महिने फिरला. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या खेपेला कळलं की पत्रावर विभागप्रमुखांची सही चालत नाही, संचालकांची लागते. ती आणली तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला आवक क्रमांक विचारला, तो माझ्याकडे नव्हता, कारण पहिल्या दिवशी पोच मागायचं मला सुचलंच नाही. मग "हा विषय आमच्याकडे येतच नाही" असं सांगून वरच्या मजल्यावर पाठवलं, आणि वरच्यांनी परत खाली. एका बाईंनी डबा खाता खाता अगदी मायेने सल्ला दिला, "विषय बदल ना गं, डेंग्यूवर कर, लगेच मिळते." (त्यांचं चुकलं नव्हतं. अर्जाच्या शीर्षकात विषमता हा शब्द वाचला की उद्या पेपरात काय छापून येईल हेच आधी डोळ्यांसमोर येतं. शीर्षकात "सेवांचा वापर" लिहिलंत तर फाइल जरा हलकी होते. हा माझा अनुभव, नियम नव्हे.)

शेवटी पत्र आलं. एका ओळीत लिहिलं होतं की बाह्यरुग्ण विभागाच्या आवारात, कामकाजात अडथळा न आणता मुलाखती घेता येतील. मी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले. माझ्या प्रस्तावात घरोघरी जाऊन बोलायचं ठरलं होतं, आणि सात महिन्यांच्या थकव्यात ते मी आनंदाने विसरले. म्हणजे माझा नमुना कुणी ठरवला? त्या एका ओळीने.

दोन महिने मी त्या बाकांवर बसले. सकाळी सातला केस पेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग रक्त द्यायची, मग औषधांची. बायका रांगेत पिशवी ठेवून मुलाला शू करायला नेत आणि मागची बाई इमानेइतबारे ती पिशवी पायाने पुढे सरकवत राही. २१२ मुलाखती झाल्या. एक्सेलमध्ये भरल्या आणि सुंदर तक्ता निघाला: कमी उत्पन्नाचे लोक सरकारी सेवा जास्त वापरतात, तपासणी सगळ्यांची होते, थांबावंही सगळ्यांना सारखंच लागतं. थोडक्यात, विषमता फारशी नाही! गाइड खूश, मी त्याहून खूश.

हा तक्ता घेऊन मी व्हायवाला (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला) उभी राहणार होते, पण एक एक्स-रे आडवा आला. गर्दीत एका बाईंचा जुना एक्स-रे माझ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात राहिला होता. तो परत द्यायला गोवंडीला शिवाजीनगरमध्ये गेले. त्या घरी नव्हत्या. शेजारीण दारात बसून शिवलेल्या कपड्यांचे धागे कापत होती, डझनावर पैसे. पाच मिनिटांत ती तीनदा खोकली, प्रत्येक वेळी कात्री बाजूला ठेवून. मी सवयीने माझा ठरलेला प्रश्न टाकला, गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणी आजारी होतं का?

"नहीं, सब ठीक है."

"और ये खाँसी?"

"ये तो ईद के पहले से है. बीमार मतलब बिस्तर पे. खाँसी में तो काम चलता है."

दवाखान्यात का गेली नाही, तर एक दिवस गेला की तेवढे डझन गेले, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्टला परत जायचं. मेडिकलवरून दोन गोळ्या आणल्या होत्या, तेवढंच. पुढे तिचं काय झालं ते इथे लिहीत नाही, ती तिची गोष्ट आहे. पण घरी येताना ट्रेनमध्ये कळून चुकलं की माझ्या २१२ जणांत ही बाई येणं शक्यच नव्हतं. जे पोहोचले त्यांनाच मी विचारत होते की तुम्हाला पोहोचता येतं का. आणि घरी जाऊन विचारलं असतं तरी माझ्या फॉर्मवर तिच्या नावापुढे "आजार नाही" एवढंच पडलं असतं.

ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, म्हणून घरोघरी गेलात की सुटलात असं समजू नका. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेमकं हेच मांडलं होतं. लोकांना स्वतःच्या आजाराबद्दल विचारलं तर केरळमध्ये आजारपण जास्त दिसतं आणि बिहारमध्ये कमी, आयुर्मान मात्र बरोबर उलटं. जिथे शिक्षण आणि दवाखाना दोन्ही हाताशी, तिथे माणूस आपल्या दुखण्याला आजार म्हणायला शिकतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्य फेऱ्यांमध्येही (उदाहरणार्थ ७५ वी, २०१७-१८) आजारासाठी पंधरा दिवसांचीच आठवण विचारतात. ते आकडे वापरा, पण गरीब गटात आजार कमी दिसला तर हुरळून जाऊ नका.

मग मी काय केलं? मुदतवाढ घेतली, संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या धरल्या आणि वस्तीत परत गेले. "आजारी" हा शब्दच फॉर्ममधून काढून टाकला. खोकला किती दिवस, पाय सुजतात का, दात दुखतो का, अंगावरून पांढरं जातं का, चक्कर येते का असं एकेक विचारलं. प्रत्येक "हो"ला पुढचा प्रश्न, मग काय केलंत? आणि शेवटी, जायचं ठरवलं होतं पण राहून गेलं असं शेवटचं केव्हा झालं? या एका प्रश्नाने माझा प्रबंध उभा राहिला. उत्तरांत अंतर जवळजवळ नव्हतंच. मुंबईत रुग्णालय लांब नसतं, तिथे घालवायचा दिवस परवडत नाही. पेन्चान्स्की आणि थॉमस या संशोधकांनी १९८१ मध्ये सेवा मिळण्याचे पाच पदर सांगितले, त्यात सेवेच्या वेळा आणि पद्धती माणसाच्या दिनक्रमात बसतात का हा एक वेगळा पदर आहे. माझी सगळी वस्ती त्यात सापडली. ब्रिटिश डॉक्टर ट्यूडर हार्ट यांचा १९७१ चा "उलट्या काळजीचा नियम" (जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी) तुम्ही पहिल्या प्रकरणात टाकलाच असेल, सगळेच टाकतात. पण तो वस्तीत कसा चालतो हे दाखवायचं तर रांगेबाहेरचा माणूस शोधावा लागतो.

आता डिस्क्लेमर. मी संख्याशास्त्रवाली नाही, आणि माझं काम दहा वर्षांपूर्वीचं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून मुंबईत महापालिकेचे "आपला दवाखाना" सुरू झालेत, त्यातले बरेच रात्री दहापर्यंत उघडे असतात, त्यामुळे वेळेबद्दलचं माझं म्हणणं तुमच्या वस्तीत ताडून बघा. ते खोटं ठरलं तर तोच तुमचा निष्कर्ष, आणि माझ्यापेक्षा चांगला.

गरिबी मोजताना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे पाच संपत्ती-गट जसेच्या तसे उचलू नका. ते घरातल्या वस्तू-सोयींवरून, देशभरातली घरं धरून पाडलेले आहेत. टीव्ही, मोबाइल, गॅस, पंखा असलेली मुंबईतली झोपडी त्यात बहुतेक वेळा वरच्या गटांत जाऊन बसते आणि तुमची सगळी वस्ती श्रीमंत निघते. पाणी कुठून येतं, विकत घ्यावं लागतं का, घर भाड्याचं की स्वतःचं, महिन्यात किती दिवस काम मिळालं, हे विचारा. महिन्याची कमाई विचारूच नका, नवऱ्यासमोर तर मुळीच नाही. आणि दुपारी बाराला जाऊ नका. कामाला जाणाऱ्या बाया घरी नसतात, मग परत जे हाताशी सापडले त्यांचाच नमुना.

रुग्णालयाची ओपीडीची मासिक आकडेवारी हवी असेल तर परवानगीच्या मागे न लागता माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. उत्तराला ३० दिवस, नाही आलं तर पहिलं अपील. मला आकडे असेच मिळाले, आणि गंमत म्हणजे ज्या मजल्यावरून "आमच्याकडे येतच नाही" म्हणून परतवलं होतं, तिथूनच.

ओपीडीची परवानगी मिळाली तर घ्या, नाही म्हणू नका. पण तिथे ३०-४० जणांशीच बोला आणि त्यांना एवढंच विचारा की दुखणं सुरू झाल्यापासून इथवर यायला किती दिवस लागले आणि मधे काय काय केलं. बाकीचे लोक वस्तीतून घ्या. गाइड कुरकुर करतील, करू द्या.

आणि त्या चार महिने फिरणाऱ्या अर्जाची शिक्का-तारखेची पोच आहे ना तुमच्याकडे? नसेल तर सोमवारी आधी तेवढं करा.