पेरोव्स्काइट आलं की बसवू म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या दोन महिन्यांत सोलरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे एकच आहेत, पेरोव्स्काइट या नव्या पदार्थाचं पॅनेल येईपर्यंत थांबू का, फक्त गाव बदलतं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून इथे एकदाच लिहितोय.

प्रश्न : पौर्णिमेच्या चांदण्यात पॅनेल वीज बनवतं का? (बार्शी)

नाही. मीटर हलेल एवढी तर नाहीच.

प्रश्न : १ किलोवॅटला रोज किती युनिट धरायचे? (नाशिक)

वर्षाची सरासरी ४. आषाढात कमी, फाल्गुनात जास्त. सहा सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : सर, व्हिडिओत पाहिलं, पेरोव्स्काइट पॅनेल येतंय, ३४ टक्के वीज देतं, आत्ताची सगळी भंगारात जाणार म्हणे. ३ किलोवॅटचं कोटेशन हातात आहे, दोन वर्षं थांबू का? (सांगली)

हाच तो प्रश्न. थांबू नका, आणि का ते जरा सविस्तर वाचा.

३४ टक्क्यांचा, म्हणजे पडलेल्या उन्हातल्या एवढ्या हिश्शाची वीज करण्याचा, आकडा खोटा नाही. २०२४ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीने, आत्ताची पॅनेल ज्याची असतात त्या सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर चढवून ३४.६ टक्के गाठले. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश खातो, त्यातून सुटलेला तांबडा आणि त्याच्या पलीकडचा खालचं सिलिकॉन खातं, एकावर एक दोन सेल म्हणून टँडम. नुसतं सिलिकॉन कितीही घासलं तरी साडेएकोणतीस टक्क्यांच्या आसपास त्याची हद्द संपते, म्हणून जगभर ही धडपड. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने सुरुवात केली तेव्हा जेमतेम ३.८ टक्के होते, तिथून इथवर पंधरा वर्षांत, हे मोठंच काम आहे, मला त्याचं कौतुकच आहे.

पण तो विक्रमी सेल केवढा असतो माहितीये? अंगठ्याच्या नखाएवढा. तुमच्या गच्चीवरचं एक पॅनेल दोन चौरस मीटरच्या पुढे. एवढ्या काचेवर तो थर एकसारखा पसरवायचा म्हणजे हातभर तव्यावरच्या घावनाला कुठेही भोक पडू न देण्यासारखं आहे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये टँडम पॅनेल पहिल्यांदा विकली, ती २४.५ टक्क्यांची. बाजारातलं चांगलं साधं पॅनेल आज २२-२३ देतं. म्हणजे तुम्ही दीड-दोन टक्क्यांसाठी गच्ची रिकामी ठेवणार!

आणि खरी गोम टिकण्यात आहे. पेरोव्स्काइटला दमट हवा सोसत नाही, उष्णता सोसत नाही, अतिनील किरणही सोसत नाहीत, आणि आपल्याकडे तिन्ही फुकट मिळतात. वर त्यात शिसं असतं, पॅनेल फुटलं तर ते पाण्यात उतरायला नको याची वेगळी काळजी. सिलिकॉनची पंचवीस वर्षांची हमी लोकांनी जगून बघितलेली आहे, याची कुणीच बघितलेली नाही. आयआयटी मुंबईत यावर चांगलं काम चाललंय, होईल, पण ते होईपर्यंत तुमचं बिल थांबणार नाही. ३ किलोवॅट म्हणजे रोजचे १२ युनिट, दोन वर्षांत साडेआठ हजारांच्या वर. तुमच्या दराने गुणून बघा आणि मग थांबा.

फक्त सही करण्याआधी स्लॅब इंजिनिअरला दाखवा, आणि कोटेशन विक्रेत्याशी ओळख नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या.

प्रश्न : टॉपकॉन घ्यावं की मोनो पर्क? (अकोला)

दोन्ही सिलिकॉन पॅनेलचेच प्रकार, पण अकोल्यात टॉपकॉन. पॅनेलवर छापलेले वॅट २५ अंशाला मोजलेले असतात. मी गेल्या वैशाखात दुपारी एक वाजता सोलापुरात एका पॅनेलच्या पाठीला थर्मामीटर लावला तर ६३ दाखवत होता. २५ च्या वर दर अंशाला पर्क साधारण ०.३५ टक्के गमावतं, टॉपकॉन ०.३०. फरक फार नाही, पण उन्हाळाभर रोजचा आहे. डेटाशीटवर हा आकडा असतो, विक्रेत्याला बोट ठेवून दाखवायला सांगा.

प्रश्न : सोसायटीत एक जण हवेतला कार्बन शोषणारं मशीन विकायला आलाय, शंभर झाडांचं काम करतं म्हणतो. घ्यावं का? (ठाणे)

घेऊ नका. एक घनमीटर हवेत कार्बन डायऑक्साइड पाऊण ग्रॅम. एक किलो पकडायचा तर तेराशे घनमीटरहून जास्त हवा गाळावी लागेल, तीही एक कण न सुटता. त्यासाठी पंखा चालणार विजेवर, आणि आपल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीने २०२१ मध्ये हवेतला कार्बन पकडणारा ओर्का नावाचा कारखाना उभारला, तिथे भूगर्भातली उष्णता हाताशी आहे, तरी क्षमता वर्षाला ४,००० टन. तुमच्या पार्किंगमधला डबा काय करणार? त्याला वजनाचा हिशोब लेखी मागा, परत येणार नाही. तरी कमिटीला मोह आवरत नसेल तर आधी एनर्जी ऑडिटर बोलवा.

प्रश्न : आमचे हे थर्मलला आहेत. चिमणीचा धूर पकडून जमिनीत पुरणार म्हणतात, खरं का? मुलाने या लाइनला जावं का? (चंद्रपूर)

ताई, होऊ शकतं. धुरात हवेच्या तीनशे पट कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे अमाइन या तो वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणातून तो काढता येतो. पण ते द्रावण परत मोकळं करायला वाफ लागते, ती टर्बाइनच्या तोंडचीच जाते, वीज तेवढी कमी. कॅनडात बाउंडरी डॅम नावाच्या कोळशाच्या वीजकेंद्रात हे २०१४ पासून चालू आहे, वर्षाला दहा लाख टनांचं ठरलं होतं, तेवढं काही जमलं नाही. माझ्या मते विजेपेक्षा सिमेंटला याची जास्त गरज आहे, कारण तिथे वायू चुनखडीतूनच निघतो, भट्टी सोलरवर चालवली तरी निघणारच. पुरायचं म्हणाल तर आइसलँडमध्ये बेसॉल्टमध्ये सोडलेल्या वायूचा दोन वर्षांत दगड झाला. आपला दख्खनचा काळा पाषाणही बेसॉल्टच, पण त्या पद्धतीत टनाला पंचवीसेक टन पाणी लागतं, मराठवाड्यात ते कोण देणार. मुलाने केमिकल नाहीतर भूविज्ञान घ्यावं, आयआयटी मुंबईत यासाठी राष्ट्रीय केंद्र आहे, तिथल्या प्राध्यापकांना विचारून ठरवा, क्लासवाल्यांना नाही.

प्रश्न : विक्रेता म्हणतो बाहेरचं पॅनेल स्वस्त पडेल, अनुदानाचं मी बघतो. (कोल्हापूर)

तो काय बघणार. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० मिळतात ते सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेली असतील तरच, आणि पैसे ग्राहकाच्या खात्यात येतात. सिरियल नंबर मागा, महावितरणच्या ऑफिसात दाखवा, मगच अ‍ॅडव्हान्स.

प्रश्न : पॅनेल कशाने धुवायचं? (रत्नागिरी)

साध्या पाण्याने, सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, साबण नको, घासणी तर अजिबात नको. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग धरतं, मग टाकीत साठवलेलं पावसाचं वापरा. आणि पॅनेल कठड्याला लागून असेल तर स्वतः चढू नका, दोर बांधून काम करणारा माणूस बोलवा.