बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा पाण्याचा विधी, हे पाण्याने पाप धुणं आहे का? आणि पाण्यात पूर्ण बुडावंच लागतं का?

नाही, नुसत्या पाण्यात पाप धुवायची ताकद नसते, बाप्तिस्म्याचा मुख्य अर्थ ख्रिस्तासोबत मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात उठणं असा आहे. बायबलमधलं रोमकरांस पत्र 6:3-4 वाचा, ते लिहिणारा प्रेषित पौल तिथे सरळ पुरलं जाण्याचीच भाषा वापरतो, म्हणून पाण्याखाली जाणं म्हणजे जणू कबरेत जाणं आणि वर येणं म्हणजे पुनरुत्थान. आणि 1 पेत्र 3:21 मध्ये तर स्पष्टच आहे की हे अंगाचा मळ काढणं नाही, शुद्ध मनाने देवाकडे वळणं आहे.

बुडण्याचं म्हणाल तर मूळ ग्रीक शब्द 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणं, प्रेषितांची कृत्ये 8 मध्ये एक कूशी (इथिओपियाचा) अधिकारी वाटेत पाणी दिसताच रथ थांबवतो आणि त्याला येशूबद्दल सांगणारा फिलिप्प आणि तो दोघेही पाण्यात उतरतात, मला हा प्रसंग फार आवडतो कारण तिथे कसलीच तयारी नाही, फक्त विश्वास आणि समोर पाणी. पण 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती ग्रंथात वाहतं पाणी घ्या, पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता असंही सांगितलंय.

फक्त एक लक्षात ठेवा, सगळ्या चर्चमध्ये याबद्दल एकमत नाही: कॅथलिक शिकवणीत हा संस्कार आहे, त्याने खरोखर पापक्षमा मिळते आणि तान्ह्या बाळालाही देतात, बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल लोक मात्र स्वतः विश्वास कबूल केलेल्यालाच देतात, तेही पाण्यात बुडवून.