जर्मनीत पियानोसाठी जाण्याबद्दल तुम्ही विचारले म्हणून

तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. वय 26, गंगापूर रोडला घरीच पियानोचे वर्ग, 25 विद्यार्थी, लंडनच्या परीक्षा मंडळाची आठवी ग्रेड, पत्नीची नोकरी नाशिकमध्ये, मुलगी तीन वर्षांची. आणि आता जर्मनीत पियानो व रचना शिकून तिथेच वादक, रचनाकार आणि शिक्षक म्हणून स्थिरावण्याचा विचार. प्रवेशपरीक्षा कशी असते, शिकवण्यांवर घर चालते का आणि एकटेपणा किती जाणवतो, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, बँकेत अडकवून ठेवायची रक्कम आणि अर्जाच्या तारखा यांविषयी मी लिहिणार नाही, कारण ती माहिती दूतावासाकडे आणि विद्यापीठांकडे माझ्यापेक्षा अचूक मिळेल. मी 2002 साली नाशिक सोडले तेव्हा 21 वर्षांची होते. आज सॅक्सनी राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या गावात पियानो शिकवते. तुमचे प्रश्न त्या वयात मला कोणाला विचारताच आले नव्हते, त्यामुळे उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

प्रवेशपरीक्षेत ग्रेडच्या प्रमाणपत्राला फारसे वजन नसते. समोर बसून तुम्ही काय वाजवता तेवढेच पाहतात. बहुतेक ठिकाणी बाखची एखादी बहुस्वरी रचना, एक सोनाटा, रोमँटिक काळातली एक मोठी रचना, एक एट्यूड आणि विसाव्या शतकातले काही तरी, असा संच पाठ करून न्यावा लागतो, आणि त्यातली एकही रचना पूर्ण ऐकतीलच असे नाही. माझ्या पहिल्या परीक्षेत मी बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’च्या पहिल्या खंडातले सी मायनर प्रिल्यूड आणि फ्यूग वाजवले. फ्यूगमध्ये एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते. हा फ्यूग तीन आवाजांचा आहे आणि तिसरा आवाज खर्जात, डाव्या हातात येतो. तो अगदी अलगद आणायचा असे मी ठरवले होते. मी पट्टी दाबली, ती तळापर्यंत गेली आणि आवाजच आला नाही. खऱ्या पियानोत पट्टी हातोडीला ढकलते आणि तारेच्या जरा अलीकडे तिला सोडून देते. वेग पुरेसा नसला की हातोडी तारेपर्यंत न पोहोचता परत येते. देवळाली कॅम्पात ज्या जुन्या उभ्या पियानोवर मी शिकले, त्यावर जोर लावल्याशिवाय सूर निघत नसे. ग्रँड पियानोवर हळू वाजवण्याची माझ्या हातांना सवयच नव्हती. त्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरात मिळाला.

तुम्ही डिजिटल पियानोवर सराव करता असे लिहिले आहे, म्हणून हे सविस्तर सांगितले. काही डिजिटल पियानोंवर पट्टी फार हळू दाबली तरी काही ना काही आवाज येतो, आणि तसा पियानो तुमची चूक तुम्हाला कळू देत नाही. महिन्यातून दोन वेळा तरी मुंबईला जा, ओळख काढा, तासाचे पैसे भरा, पण निदान वर्षभर खऱ्या ग्रँड पियानोवर हात बसू द्या.

दुसरी परीक्षा कानाची असते, आणि तिथे आपल्या मुलांचे विनाकारण नुकसान होते. माझे वडील गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेले, हार्मोनियम वाजवणारे गृहस्थ. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला राहिले आणि द. वि. पलुस्करांचा जन्म 1921 साली नाशिकमध्येच झाला, हे ते आमच्या घरी आलेल्या प्रत्येकाला अभिमानाने सांगत. वडिलांमुळे माझा कान सरगमचा झाला. कोणताही सूर सा धरून मी बाकीचे ओळखू शकते. जर्मन परीक्षकांना मात्र स्वराचे नेमके नाव हवे असते, आणि ती नावे इंग्रजीपेक्षा वेगळी असतात: आपण ज्याला बी म्हणतो त्याला ते ‘हा’ म्हणतात, आणि ते ज्याला ‘बे’ म्हणतात तो आपला बी फ्लॅट. वाद्यावर बसलेल्या माणसाने चार स्वर वाजवले, मी ते बरोबर ओळखले आणि कागदावर चुकीची अक्षरे लिहिली. आतापासून सगळे स्वर जर्मन नावांनी म्हणायची सवय लावून घ्या, अगदी विद्यार्थ्यांसमोरसुद्धा.

कागदपत्रांविषयी मी लिहिणार नव्हते, परंतु एक गोष्ट कोणत्याही पत्रकात सापडणार नाही. आपल्याकडे मधले नाव आधी वडिलांचे असते आणि लग्नानंतर बाई पतीचे लावते. माझी गुणपत्रके वडिलांच्या नावाची होती, आणि 2004 मध्ये लग्न झाल्यावर नव्या पासपोर्टवर पतीचे नाव आले. शिक्षण संपल्यावर कामाचा परवाना मागायला गेले तेव्हा दोन्ही कागद शेजारी ठेवून मला विचारण्यात आले की या दोन व्यक्तींचे परस्परांशी नाते काय. मधले नाव हे माझे नाव नसून माझ्या घरातल्या पुरुषाचे आहे, हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा म्हटले की ते म्हणताना मला स्वतःचीच चीड येऊ लागली. सात महिने मी तात्पुरत्या कागदावर काढले. त्या सात महिन्यांत एका बॅले शाळेत साथीला पियानो वाजवण्याची कायमची जागा मला मिळत होती आणि ती दुसऱ्याला गेली. वीस वर्षे होत आली, तरी त्या रस्त्याने जाताना तिथल्या खिडकीतून पियानोचा आवाज आला की मी पावले उचलते. तुमच्या पत्नीचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे ना, हे आजच पाहा, आणि नसेल तर निघण्यापूर्वी प्रतिज्ञापत्र करून त्याचे अधिकृत भाषांतर सोबत घ्या.

आता उपजीविका. वादक, रचनाकार आणि शिक्षक हे तीन शब्द तुम्ही एका ओळीत, त्याच क्रमाने लिहिले आहेत. प्रत्यक्षात क्रम उलटा होतो आणि पहिले दोन शब्द फार लहान होतात. पोलिश पियानोवादक-रचनाकार शोपाँने 1830 मध्ये वॉर्सा सोडले. पुढे पॅरिसमध्ये त्याचे घर मुख्यतः शिकवण्यांवर चालले, आणि सबंध आयुष्यातल्या त्याच्या जाहीर मैफली सुमारे तीसच भरतात. हंगेरीचा रचनाकार बार्टोक 1907 ते 1934 या काळात बुडापेस्टच्या संगीत अकादमीत पियानो शिकवत होता, रचना नव्हे. मोठ्या माणसांचीही हीच वाट होती, हे मला पस्तिशीनंतर कळले. आधी कळते तर काही वर्षे मी स्वतःला दोष देण्यात घालवली नसती.

माझ्याकडे आठवड्याला 34 मुले येतात, बहुतेकांचा तास अर्ध्याच तासाचा. संगीतशाळेत मानधनावर शिकवले तर शाळांच्या सुट्ट्यांत पैसे मिळत नाहीत, आणि सुट्ट्या वर्षाला साधारण 12 आठवड्यांच्या असतात. या पद्धतीवर 28 जून 2022 रोजी तिथल्या संघीय सामाजिक न्यायालयाचा निकाल आला: हेरेनबर्ग गावच्या नगरपालिकेच्या संगीतशाळेत मानधनावर शिकवणारी एक पियानो शिक्षिका प्रत्यक्षात नोकरदारच होती, असे न्यायालयाने मानले. त्या दिवशी मला रडू आले. त्यानंतर काही शाळांनी शिक्षकांना नोकरीत घेतले, काहींनी तास कमी केले. मी शिकवते त्या शाळेने दोन्ही केले, म्हणजे मला नोकरी मिळाली ती पूर्वीच्या निम्म्या तासांची. उरलेली मुले मी घरी शिकवते. एक व्यवस्था मात्र खरोखर चांगली आहे. स्वतंत्र काम करणाऱ्या कलावंतांसाठी 1983 पासून सामाजिक विमा आहे, आणि त्यात आजारपणाच्या व निवृत्तिवेतनाच्या हप्त्याचा साधारण अर्धाच भाग कलावंत भरतो. संगीत शिकवणारेही त्यात बसतात. पहिल्या वर्षीच अर्ज करा. मी चार वर्षे उशीर केला.

घर भाड्याने घेताना वाजवण्याविषयी करारात काय लिहिले आहे ते नीट वाचा. राहत्या घरात कामाच्या दिवशी दोन ते तीन तास आणि रविवारी एक ते दोन तास वाजवता यावे, असा मापदंड 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात सांगितला. वादकाला तीन तास पुरत नाहीत, म्हणून सरावाची जागा आणि तिचे भाडे हिशेबात धरावे लागते.

रचनेबद्दल थोडेच लिहिते, कारण तिच्यातून उत्पन्न जवळजवळ नाही. मी मुलांसाठी लहान तुकडे लिहिते. पियानोच्या फक्त काळ्या पट्ट्या घेतल्या आणि एफ शार्पला सा मानले की भूप तयार होतो, आणि सहा वर्षांचे मूल पहिल्याच दिवशी त्यात दोन ओळी स्वतः बांधू शकते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाणे, येत नाही, ती पियानोवर येणारच नाही, आणि ते दुःख मी मनातून काढून टाकलेले नाही.

माझी मुलगी 2006 सालची. तुमची मुलगी तीन वर्षांची आहे म्हणून हे लिहिते. सॅक्सनीत चौथीनंतर मुले वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात आणि चौथीच्या मध्यावर शाळा शिफारस देते: विद्यापीठाकडे नेणाऱ्या जिम्नाझियममध्ये, की मुख्यतः व्यवसाय-प्रशिक्षणाकडे नेणाऱ्या ओबरशूलेत. माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या वर्गशिक्षिकेने मला बोलावून सांगितले की मुलीचे लेखी जर्मन कच्चे आहे, घरी जर्मनच बोला. मी ऐकले. दोन वर्षे मी माझ्या मुलीशी मराठीत बोलले नाही. झोपताना म्हणायची गाणी थांबवली, नाशिकहून आईचा फोन आला की ती मुलगी माझ्याकडे पाहायची आणि मी मधे पडून दोघींचे भाषांतर करायची. एवढे करून शिफारस ओबरशूलेचीच आली. तेव्हा त्या शिफारशीपुढे फारसे चालत नसे. 2017 पासून नियम सैल झाला आणि पालकांच्या निर्णयाला महत्त्व आले, म्हणजे आमच्या पाठोपाठ एकाच वर्षाने. आज ती पियानो बांधणी आणि दुरुस्तीचे साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण घेते आहे, हाताने उत्तम आहे, आणि तिची कशाबद्दलही तक्रार नाही. तक्रार माझी आहे. गेल्या महिन्यात ती हातोडीच्या नमद्यात, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या थरात, सुई टोचून सूर मऊ कसा करतात ते मला दाखवत होती आणि नमद्याला मराठीत काय म्हणतात असे तिने विचारले. मी तो शब्द सांगितला. तिने तो दोन वेळा म्हणून पाहिला आणि पुन्हा जर्मनमध्ये बोलू लागली. तुमच्या मुलीच्या बाबतीत कोणीही, कितीही प्रेमाने सांगितले, तरी घरातली मराठी थांबवू नका.

एकटेपणाचे विचारलेत, तर तो असतो, कामाच्या दिवशी कमी आणि डिसेंबरमध्ये जास्त. त्याबद्दल याहून अधिक मला लिहायचे नाही.

मला लिहायचे आहे ते देवळालीच्या आमच्या बाईंबद्दल. त्या पावसाळ्यात पियानोच्या खालच्या फळीमागे एक दिवा दिवसरात्र पेटता ठेवत, म्हणजे ओलीने पट्ट्या फुगून अडकू नयेत. ट्यूनर मुंबईहून वर्षातून दोनदा येई आणि त्या दिवशी त्याच्या जेवणासाठी बाई सकाळपासून खपत. माझ्या वेळी त्यांच्याकडे अकरा मुले होती. मी निघाले तेव्हा त्या 68 वर्षांच्या होत्या. दोन वर्षे शिकून परत ये, ही मुले तुझ्या हाती देते, असे त्या म्हणाल्या आणि मी हो म्हणाले. आधी लग्न झाले, दोन वर्षांची सहा झाली, मग परवाना, मग मुलीची शाळा. प्रत्येक कारण खरे होते. 2011 च्या जुलैमध्ये त्या गेल्या तेव्हा मी परीक्षकाचे काम घेतले होते आणि येऊ शकले नाही. त्या अकरापैकी पुढे कोणी पियानो वाजवत राहिले का, हे मला सांगता येत नाही. इथे माझ्याकडे येणाऱ्या 34 मुलांना मी नसते तर दुसरे कोणी तरी शिकवले असतेच, इतके शिक्षक या गावात आहेत.

परत येणाऱ्यांचीही वाट सोपी नाही. संगीतकार वनराज भाटिया लंडनची रॉयल अकादमी आणि पॅरिसमध्ये नादिया बुलाँजे यांच्याकडे शिकून परत आले, तेव्हा त्यांना भारतात जाहिराती आणि चित्रपट यांच्या संगीतातून काम उभे करावे लागले. तरी त्यांनी ते उभे केले. वाद्यवृंदाचे संचालक झुबीन मेहता 1954 मध्ये व्हिएन्नाला गेले याचे उदाहरण तुम्ही दिले आहे. ज्या मेहली मेहतांनी 1935 मध्ये मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, ते त्यांचे वडील होते, आणि तसे घर तुमच्या-माझ्यापाठी नाही. जाऊ नका असे मी म्हणत नाही. मला पुन्हा 21 व्या वर्षी विचारले तरी मी जाईनच, आणि हे लिहिताना मला बाईंसमोर बसल्यासारखे वाटते आहे.

तुमच्याकडची एक अकरा वर्षांची मुलगी बाखच्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शन्सपर्यंत आली आहे आणि दर आठवड्याला सिन्नरहून बसने येते, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. तुम्ही निघाल्यावर तिला कोण शिकवणार, हे ठरले की मला कळवा. ठरले नसेल, तर रविवारी नाशिकच्या दुपारी तीन वाजता माझ्याकडे एक तास रिकामा असतो, आणि तिच्याकडून मला पैसे नकोत.