बी.एस्सी. बायोमेडिकल सायन्स झालं, आता डीएमएलटी करून लॅब टाकू, एम.एस्सी. करू का सरळ पुण्याला नोकरी बघू?

तू लिहिलंस की परभणी जिल्ह्यातला आहेस, नीट दोनदा दिली, मग बी.एस्सी. बायोमेडिकल सायन्स केलं आणि आता घरचे म्हणायलेत की डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून तालुक्याला लॅब टाक. मी जिंतूरकडची, माझीही हीच डिग्री, आणि तुझ्या जागी मी आठ वर्षांपूर्वी उभी होते, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आपल्याकडं बायोमेडिकल म्हटलं की लोकांना दवाखान्यातल्या मशिनी दुरुस्त करणारा माणूस वाटतो (ते बायोमेडिकल इंजिनिअरिंग, ती वेगळी लाईन) नाहीतर दवाखान्याचा पिवळ्या पिशव्यांतला कचरा. घरच्यांना समजावून सांगता येतं पण हाच गोंधळ नोकरीच्या जाहिरातीत झाला की वर्ष जातं. मी एका सरकारी भरतीत लेखी पास झाले, कागदपत्र तपासणीला गेले तर जाहिरातीत पात्रता होती सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र, आणि माझ्या डिग्रीवर तिसरंच नाव. सिलॅबस दाखवला, दोन्ही विषय शिकलेय म्हणून सांगितलं, टेबलावरचे म्हणाले मॅडम यादीत नाव नाही, आम्ही काय करणार. त्या दिवशी परतीच्या एसटीत मी जिंतूर येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. म्हणून कुठलाही कोर्स ठरवायच्या आधी तुला करावीशी वाटतात त्या दहा पदांच्या जाहिराती काढ आणि फक्त शैक्षणिक पात्रतेची ओळ वाच. एम.एस्सी. केलीस तर मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक अशा सरळ नावाची कर. फॅन्सी नावाच्या डिग्रीत अभ्यासक्रम चांगला असेलही पण तपासणीच्या टेबलावर तो कुणी बघत नाही. तेव्हाही प्रवेशाआधी चौकशी कर, कारण काही ठिकाणी बी.एस्सी.चा विषयही बघतात.

आता डीएमएलटी. बी.एस्सी. नंतर साधारण वर्षभरात होतो, नोकरी पटकन लागते, घरी लगेच पैसे द्यायचे असतील तर वाईट नाही. फक्त कोर्स महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेच्या नोंदणीला चालतो का ते आधी खात्रीनं बघ. पण "लॅब टाक" जे म्हणायलेत त्यांना हे माहीत नसेल की डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय, पॅथॉलॉजी रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. म्हणजे मशीन तुझं, भाडं तुझं, कर्ज तुझं, पण सही दुसऱ्याची. डॉक्टर महिन्यातून एकदा येऊन कोऱ्या लेटरहेडवर सह्या करून जातात असलं काही कुणी सुचवलं तर त्यात पडू नको, उद्या चुकीचा रिपोर्ट गेला तर पेशंटचं नुकसान होतं आणि अडकतोस तू.

मी स्वतः नांदेडला डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये चौदा महिने काम केलं, पगार सात हजार. सकाळी सातला उपाशीपोटीच्या शुगरची रांग, मग कंट्रोल (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं असे नमुने) लावायचे, कंट्रोल बसले की मगच पेशंटचं सॅम्पल. डेंग्यूच्या सीझनला एका पोराचे प्लेटलेट मशीनवर अडतीस हजार आले, ताप उतरलेला, कुठे डाग नाही, पोरगं खेळायलं, आणि बाप बाहेर रडायला लागला. सरांनी स्लाईड बघायला लावली तर प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं, काहींच्या रक्तात त्यानं प्लेटलेट एकमेकांना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत परत रक्त घेतलं तर दीड लाखाच्या वर, म्हणजे ठीक. मला तो दिवस अजून आठवतो, कारण असं का होतं हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही आणि ते शोधत बसले त्यातूनच एम.एस्सी. करायचं ठरलं. तुला असला प्रश्न पडतो का बघ. पडत असेल तर शिक, नसेल पडत तर दोन वर्षं आणि बापाचे पैसे फक्त "पुढं काय" म्हणून घालू नको.

एम.एस्सी.साठी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि नांदेड दोन्ही विद्यापीठं आहेतच, खर्च कमी, घरून डबा येतो. पण एकदा आयआयटी जॅमचा (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) बायोटेक्नॉलॉजीचा पेपर देऊन बघ, फेब्रुवारीत असतो. त्यात बायोलॉजीबरोबर बारावीच्या पातळीचं फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित येतं, म्हणजे नीटसाठी जे दोन-तीन वर्षं घासलंस ते वाया गेलं नाही, गणित तेवढं नव्यानं करावं लागेल. हैदराबाद विद्यापीठ, जेएनयू यांच्यासाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा. हैदराबादला तर आपल्याकडून रेल्वेनं सरळ जाता येतं, फार लांब पडत नाही, तरी आपल्याकडची पोरं तिकडं का बघत नाहीत मला कळत नाही.

संशोधनात जायचं तर एम.एस्सी. करता करताच सीएसआयआर नेट लाईफ सायन्सेस ही राष्ट्रीय परीक्षा दे. वर्षातून दोनदा, २०० मार्कांचा पेपर, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कट. सी भागात ७५ मधले २५ प्रश्न सोडवायचे असतात आणि एकेकाला ४ मार्क, तिथंच खेळ ठरतो, आणि तो पाठांतराचा भाग नाही, ग्राफ आणि प्रयोग देऊन विचारतात. मला तिसऱ्या वेळी जेआरएफ (याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली. २०२३ पासून फेलोशिप पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढं ४२,००० आहे, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडी करताना घरी पैसे मागावे लागत नाहीत, उलट पाठवता येतात, हे आपल्या गावाकडं कुणाला पटतच नाही. जेआरएफ नाही निघाली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडीच्या फेलोशिप आहेत, तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बघ, जात वैधतेचा कागद मात्र आजच कामाला लाव.

नोकरीच हवी असेल तर औरंगाबादच्या वाळूज, चिकलठाण्याच्या औषध कंपन्यांत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) मायक्रोबायोलॉजी असतं, निर्जंतुकता चाचणी, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), हवा-पाण्याचे नमुने. मन लावून दोन वर्षं केलं की पुढं पगार वाढतो. क्लिनिकल रिसर्च (औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या) आणि फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद) पुण्या-मुंबईकडं, तिथं बी.फार्म.वाल्यांशी स्पर्धा आहे आणि इंग्रजी लिहिता आलंच पाहिजे. यासाठी लाखभर रुपयांचे खाजगी डिप्लोमे "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणून विकतात, मी त्यात पैसे घालवलेत, मला एकही इंटरव्ह्यू लागला नाही. मेडिकल कोडिंगला (आजार-उपचारांच्या नोंदींना ठरलेले कोड देणं) हैदराबादमध्ये कामं आहेत पण ते स्क्रीनसमोरचं काम, लॅब सुटते. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅबमध्ये जायचं असेल तर २०२१ च्या एआरटी कायद्यानंतर एम्ब्रायॉलॉजिस्टची, म्हणजे लॅबमध्ये गर्भ हाताळणाऱ्याची, पात्रता ठरवून दिलीय, दोन वर्षांची क्लिनिकल एम्ब्रायॉलॉजीची एम.एस्सी. कर, पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला भुलू नको. औरंगाबादला सरकारी न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्था आहे, तीही बघून ये. परदेशाचं आत्ता डोक्यात घेऊ नको.

एक गोष्ट मनापासून सांगते. किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आहे, जुलै २०२३ मध्ये केंद्रानं त्याचं निर्मूलन अभियान सुरू केलंय, तपासण्या, मग एचपीएलसी मशीनवर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून खात्री, मग घरच्यांना समजावणं, या सगळ्याला आपल्यासारखी, तिथली बोली समजणारी माणसं लागतात. २०२० ला औरंगाबाद आणि नांदेडच्या विद्यापीठांत आरटी-पीसीआर लॅब उभ्या राहिल्या तेव्हा पिपेट धरता येणारी पोरंच कामाला आली होती. मी पुण्यात पीएचडी करतेय ती हिमोग्लोबिनच्याच आजारांवर, आणि संपली की मला नांदेडलाच यायचंय.

तू मात्र या आठवड्यात एक कर, कॉलेजात जाऊन तिन्ही वर्षांच्या सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत काढून घे. दोन वर्षांनी गेलास की एचओडी बदललेले असतात आणि ती फाईल कुणालाच सापडत नाही.