फौज गेली, निवडणूक झाली, पुढे काय?

परक्या देशात सैन्य पाठवून लोकशाही आणता येते का, हा प्रश्न मागच्या सदरात ओझरता आला होता. त्यावर पुण्यातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतो. एका पत्रात फक्त माझी अक्कल काढली आहे, ते जपून ठेवलं आहे.

जपान आणि जर्मनीत अमेरिकेच्या सैन्यानेच लोकशाही आणली ना? मग इराकमध्ये काय बिनसलं?
— निवृत्त अभियंता, कोथरूड

इराकवर चढाई करण्यापूर्वी राष्ट्राध्यक्ष बुशही हाच दाखला देत होते. पण दाखला नीट तपासला तर तो उलट बाजूने साक्ष देतो.

जपानमध्ये संसदेची पहिली निवडणूक १८९० साली झाली. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना सरसकट मताधिकार देणारा कायदा १९२५चा. मधल्या काळात लष्करशाहीने हे सगळं गुंडाळून ठेवलं, तरी १९४५ मध्ये अमेरिकी जनरल मॅकआर्थर टोकियोत आले तेव्हा जुने पक्ष, जुने पुढारी आणि हुकूम गावपातळीपर्यंत पोचवणारी नोकरशाही जागेवर होती. शरणागती खुद्द सम्राटाच्या आवाजात रेडिओवरून जाहीर झाली आणि त्याला गादीवर राहू दिलं, म्हणून अमेरिकी शिपायांवर कुणी दबा धरून बसलं नाही. राज्यघटनेचा मसुदा मॅकआर्थरच्या कचेरीत आठवडाभरात लिहिला गेला, हे खरंच आहे. तरी ती टिकली, कारण तिच्या आगेमागे लोकांच्या पदरात काहीतरी पडलं. एप्रिल १९४६च्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी निवडून आल्या. कुळांच्या नावावर जमिनी झाल्या. अमेरिकी अंमल १९५२ मध्ये संपला, तेव्हा हे परत द्यायला कुणीच तयार नव्हतं.

जर्मनीचं तसंच. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर आडेनाउअर १९१७ ते १९३३ कोलोनचे महापौर होते. हिटलर आल्यावर त्यांचं पद गेलं होतं. म्हणजे बाहेरच्या सैन्याने नवा माणूस घडवला नाही, हटवलेल्याला परत यायला वाट करून दिली.

इराकमध्ये काय झालं पाहा. मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवड्याभराच्या अंतराने दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळ्यांतल्या लोकांना सरकारी नोकरीतून काढलं, दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केलं. शाळा, इस्पितळं, खाती चालवणारी अनुभवी माणसं घरी बसली आणि लाखो शिपाई बंदुकीसह बेकार झाले. जपानमध्ये जे मुद्दाम शाबूत ठेवलं होतं, नेमकं तेच इथे पहिल्या महिन्यात मोडलं.

पण सगळं खापर ब्रेमर यांच्यावर फोडणं मला सोयीस्कर वाटतं. जानेवारी २००५ मध्ये इराकी लोक बाँबची भीती असताना मतदानाला गेले, शाई लावलेली बोटं उंचावत बाहेर आले. सुन्नी मात्र बहुतांशी घरीच राहिले. पक्ष बांधले गेले ते पंथावर. निवडणूक हरणं म्हणजे पोलीस, तेलाचा पैसा आणि कदाचित जीवही गमावणं, असं वाटत असेल तर हार कोण मान्य करणार? २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं. तरी इराकमध्ये निवडणुका होतात, पंतप्रधान बदलतात. पूर्ण फसलं असं मी म्हणत नाही. दिलेली किंमत पाहून कुणी पुन्हा करून बघेल असंही वाटत नाही.

मग आपल्याकडे? इंग्रजांनी देश जिंकला, नंतर लोकशाही दिली. हेही लष्करी हस्तक्षेपातून आलेलं नाही का?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

तुमच्या अभ्यासिकेपासून पायी जाण्याच्या अंतरावर उत्तर आहे. पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी सुरू झाली तेव्हा तिच्या ९५ सभासदांनी सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रं आणली होती. आपण कुणाच्या वतीने बोलतो, हे त्यांनी सरकारने विचारण्याआधीच कागदावर मांडलं. पेशवाई बुडवणाऱ्या कंपनीने हे शिकवलं नव्हतं. १९३५च्या कायद्यानेही मताचा हक्क थोड्या लोकांपुरताच ठेवला. प्रत्येक प्रौढाला मत मिळालं ते आपल्या राज्यघटनेने. इंग्रजांकडून संसदेचा साचा घेतला, हे मान्य. पण तो त्यांच्याशी भांडूनच घ्यावा लागला.

जाता जाता, इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्येच मांडलं होतं की परक्यांनी मिळवून दिलेलं स्वातंत्र्य टिकत नाही. हे गृहस्थ १८५८ पर्यंत पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते आणि हा नियम ‘रानटी’ समाजांना लागू नाही, असंही त्यांनीच लिहून ठेवलं. ते समाज कोणते, हे आपण ओळखू शकतो.

मी शांतिसेनेत जाफन्याला होतो. आम्ही तिथे निवडणूकही पार पाडली. ते सगळं वाया गेलं का?
— निवृत्त सुभेदार, खडकी

सुभेदारसाहेब, शिपायाने आपलं काम केलं. जे झालं नाही ते शिपायाचं कामच नव्हतं.

जुलै १९८७च्या भारत-श्रीलंका करारानंतर श्रीलंकेने घटनेत तेरावी दुरुस्ती करून प्रांतिक परिषदा आणल्या. नोव्हेंबर १९८८ मध्ये आपल्या फौजेच्या बंदोबस्तात उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली आणि वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. पण तमिळ वाघांचा, म्हणजे एलटीटीई या सशस्त्र संघटनेचा, बहिष्कार होता, उत्तरेत लढत अशी झालीच नाही, आणि कोलंबोत राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनाच आपली फौज नको होती. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्रीही भारतात आले. हजाराहून अधिक जवान गेले. उत्तर प्रांताच्या परिषदेची निवडणूक पुढे थेट २०१३ मध्ये झाली.

तेरावी दुरुस्ती मात्र अजून घटनेत आहे आणि तमिळ पक्ष आजही तिचाच आधार घेऊन मागणी करतात. सगळं वाया गेलं, असं म्हणू नका.

याउलट बांगलादेश. तिथे आपण सरकार घडवायला गेलोच नव्हतो. डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा शेख मुजीब यांच्या अवामी लीगने जिंकल्या होत्या, आणि मार्च १९७२ पर्यंत आपली फौज माघारी आली. इतकं सरळ प्रकरण असूनही जानेवारी १९७५ मध्ये एकपक्षीय राजवट आली, ऑगस्टमध्ये मुजीब यांची हत्या झाली, पाठोपाठ लष्कर.

मग भारताने म्यानमारमध्ये उतरावं का? तिथे तर निवडून आलेलं सरकार उलथवलं आहे.
— महाविद्यालयीन शिक्षक, हडपसर

माझा युक्तिवाद माझ्यावरच उलटवलात, छान. लोकांनी कौल आधीच दिलेला असतो तिथे बाहेरची फौज कधीकधी उपयोगी पडते, हे मी मानतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जामे हरले आणि खुर्ची सोडेनात. शेजारी देशांची सैन्यं सीमा ओलांडून आली आणि जानेवारीत ते देश सोडून गेले. पनामातही १९८९ मध्ये रद्द केलेल्या निवडणुकीतला विजेता, एन्डारा, अमेरिकी चढाईनंतर सत्तेवर आला.

म्यानमारमध्येही नोव्हेंबर २०२०चा कौल होता आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने तो मोडला. पण हे गांबियाएवढं चिमुकलं प्रकरण नाही. लष्कर मोठं आहे, वांशिक सशस्त्र गट अनेक आहेत, पाठीशी चीन आहे आणि आपली त्या देशाशी १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. जाफन्यात एका संघटनेशी गाठ होती, इथे डझनभर निघतील. माझं उत्तर नाही असं आहे. करण्यासारखं काम मिझोरामने केलं. येणाऱ्यांना अडवा असं दिल्ली सांगत असताना त्या राज्याने चिन प्रांतातल्या हजारो लोकांना आसरा दिला, आणि त्यांत २०२० मध्ये निवडून आलेले लोकप्रतिनिधीही होते.