देशी गवताचं बी माळावरून गोळा करून साठवता येतं का? चराच्या भरावावर माती धरायला ते चालेल का? आणि एकरी किती लागेल?

चालेल. पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेलही. पण आधी मला सांगा, ज्या रानातून बी घेणार आहात तिथलं गवत बी पिकेपर्यंत कोणी उभं राहू देणार आहे का? हसू नका. आमच्याकडे सगळं घोडं इथेच पेंड खात होतं.

मी माण तालुक्यातली. पर्जन्यछायेतलं गाव, मुरमाड उतार, वर उघडाबोडका माळ. २०१७ च्या उन्हाळ्यात गावाने श्रमदान करून उतारावर सलग समतल चर काढले, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे लांब खड्डे. फोटो झाले, भाषणं झाली. चरातून निघालेला माती-मुरूम खालच्या अंगाला भराव म्हणून टाकला आणि तो तसाच उघडा राहिला. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींतच भरावावरची बारीक माती घसरून परत चरात येऊन बसली. सप्टेंबरपर्यंत गुडघाभर चर वीतभर उरला होता.

पाणलोटाच्या समितीत आमचे धाकटे दीर. मी म्हटलं, "भावजी, भरावावर गवत पाहिजे." ते म्हणाले, "वहिनी, गवत काय पेरायची गोष्ट आहे? आपोआप येतं."

आपोआप येतं ते नेमकं काय येतं, हा माझा आणि त्यांचा तेव्हापासूनचा वाद. चराईच्या माळावर आपोआप येते ती कुसळी, आणि दिवाळीपर्यंत वाळून जाणारी हंगामी गवतं. कुसळीच्या बियाला मागे पिळाची शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं करत ते बी स्वतःला जमिनीत टोचून घेतं. तिला ना माझी गरज ना समितीची. मेंढीच्या कातड्यातही ती अशीच शिरते, धनगरांना विचारा. मारवेल, पवना, डोंगरी या चाऱ्याच्या देशी गवतांचं तसं नाही. जनावर आधी तेच शोधून खातं, माणूसही आधी तेच कापतो. वर्षानुवर्षं बी पडायच्या आत कापलं की जुनी ठोंबं (मुळांसकटचे झुपके) मरत जातात आणि नवं रोप उगवत नाही. मग लोक म्हणतात आमच्या माळावर कुसळीशिवाय काही येतच नाही.

समितीने बी मागवलं होतं, नाही असं नाही. पोत्यावर 'गवत बियाणे', आत सगळं स्टायलो. चारा म्हणून स्टायलो उत्तम, शेंगवर्गीय असल्यामुळे जमिनीला नत्रही देतं. पण त्याचं सोटमूळ खाली जातं. सुटा मुरूम जाळ्यासारखा धरून ठेवायचं काम गवताच्या झुपकेदार मुळांचं. दोन्ही मिसळून टाका, माझं काही म्हणणं नाही. नुसतं स्टायलो टाकून 'गवत लावलं' म्हणू नका.

तर आमच्या सामाईक रानात ओढ्याच्या कडेला मारवेलाची दहाएक गुंठ्यांची पट्टी आहे. ती दिवाळीपर्यंत कापायची नाही असं घरात ठरलं. दसऱ्याला मी माहेरी गेले. परत आले तर पट्टी भुईसपाट, पेंढ्या बांधून गोठ्याच्या वळचणीला. भावजी म्हणाले, "फुलोऱ्यात कापलं तर चाऱ्याला कस. मागाहून काड्या राहतात." हे खरं आहे, ते मी खालीही मान्य करणार आहे. पण ठरलं होतं ना?

मग हट्टाला पेटून मी रस्त्याच्या कडेचं, लोकांच्या बांधावरचं, जिथे तुरा दिसेल तिथलं विळ्याने कापत सुटले. तीन खताची पोती भरली. संध्याकाळी दव पडायला लागल्यावर दाबून दाबून भरली, तोंडं शिवली आणि पत्र्याच्या खोलीत टाकली. आठवड्याने एका पोत्यात हात घातला तर आत कोपरापर्यंत उबदार, आणि चहाच्या चोथ्यासारखा वास. तरी मला वाटलं, असंच असतं. पुढच्या जूनमध्ये तीन पोती भरावावर उधळली. निम्मं वाऱ्याने गेलं. काही मुंग्या नेताना दिसल्या, रांगच्या रांग. उगवलं काहीच नाही. भावजी रोज वर जाऊन बघून यायचे आणि येऊन काही बोलायचे नाहीत. ते जास्त लागायचं.

त्या ऑक्टोबरात सासूबाई माझ्याबरोबर ओढ्यावर आल्या. पट्टी या वेळी राहिली होती, कारण त्यांनी जेवताना एवढंच म्हटलं होतं की सातबारा अजून माझ्या नावावर आहे. पाऊस दगा देऊन गेला होता, तुरे विरळ होते. त्यांनी एक तुरा बोटांच्या चिमटीत धरून अलगद ओढला. वरचं बी हातात आलं, खालचं आलं नाही. म्हणाल्या, "जे येतंय तेच तुझं. जे येत नाही ते परवा ये घ्यायला." मग तळहातावर चोळलं, फुंकर मारली. भुसा उडाला आणि तळहाताच्या रेषेत चार-पाच दाणे राहिले, पिवळसर तपकिरी, खसखशीसारखे बारीक पण लांबट. एक दाणा नखाने दाबला. फुटला नाही. "हे बी. बाकीचं गादीत भरायचं."

मागच्या वर्षी मी तीन पोती गादी भरली होती.

हे नीट समजून घ्या, कारण गवताच्या बियाण्यात सगळे इथेच फसतात, विकत घेणारे तर हमखास. मारवेलाच्या तुऱ्यात कणिशकं, म्हणजे आपण ज्यांना बी समजतो ती बारीक टरफलं, जोडीजोडीने असतात. जोडीतलं एक बिनदेठाचं, कुसळ असलेलं, दाणा धरला तर त्यातच धरतो. दुसरं देठावरचं, ते नर किंवा वांझ, त्यात दाणा कधीच नसतो. डोंगरी गवतात तर तिघांचा जुडगा, त्यातलं एकच कामाचं. म्हणजे हंगाम कितीही चांगला असो, हातात आलेल्या 'बियां'पैकी मारवेलात निम्मी आणि डोंगरीत दोन तृतीयांश जन्मतःच पोचट. उरलेल्यांतही सगळी भरत नाहीत. म्हणून पोती मोजू नका, किलो मोजू नका. चिमूटभर घ्या, चोळा, फुंका, दाणे मोजा. कोणी किलोच्या भावाने विकत असेल तर त्याच्यासमोरच फुंका.

एका दिवसात सगळं गोळा होईल ही आशा सोडा. तुऱ्याच्या वरच्या भागातलं बी गळायला लागतं तेव्हा खालचं चिकात असतं, आणि शेजारचं ठोंब तर अजून निसवतंय. आम्ही तीन-चार दिवसांआड, पंधरा-वीस दिवस जात होतो. दव उडाल्यावर, दहा-साडेदहाला. ओटीत घ्यायचं, ओटी भरली की सुती चादरीवर ओतायचं. विळा नेऊच नका. विळ्याने कच्चं-पक्कं सगळं एकत्र येतं आणि कच्च्याची ओल पक्क्यालाही कुजवते.

वाळवण घराच्या ओसरीवर, सावलीत, बोटभर थर, दिवसातून दोनदा हात फिरवायचा. पहिले दोन दिवस तर ढीग करूनच ठेवू नका. ढीग आतून तापतो, आणि तापला की संपलं. मूठ आवळल्यावर कुरकुर वाजायला लागलं की वाळलं. खात्री करायची असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडं बी आणि भट्टीतून काढल्यासारखं कोरडं मीठ घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर बियात ओल भरपूर आहे. नाही चिकटलं तरी आणखी दोन दिवस वाळवा, ही परीक्षा फार बारीक नाही.

मग कापडी पिशवी, आढ्याला टांगलेली, भिंतीपासून लांब. उंदीर भिंतीवरून येतो. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भाजणी होते. आणि पिशवी पावसाळ्यात ठेवायची नाही. मृग लागायच्या आत तेच बी पुन्हा एक दिवस वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरायचं, कारण हवेतली ओल बी परत ओढून घेतं. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे: बियातली ओल एक टक्का कमी केली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाचएक अंशांनी कमी केलं की पुन्हा दुप्पट. सासूबाई बाजरीचं बी राखेत घालून कणगीत ठेवायच्या, त्यात वेगळं काय होतं?

हल्ली सगळे ताज्या बियामागे असतात. गवतात ताजं बी बऱ्याचदा झोपलेलं असतं. गोळा केल्या केल्या ओल्या कापडात शंभर दाणे ठेवून बघितलेत आणि पाच-दहाच उगवले तर फेकून देऊ नका. मे महिन्यात पुन्हा तेच करा, आकडा वाढलेला दिसेल. अंजन गवतात ही झोप ठळक जाणवते. उलट फार जुनंही नको. घरच्या साठवणीतलं बी मी दोन पावसाळ्यांपलीकडे भरवशाचं धरत नाही.

त्या वर्षी सगळं मिळून एक तीन किलोचा डबा भरला, तोही भुशासकट. त्यानंतरचा उन्हाळा आमच्याकडचे लोक विसरणार नाहीत. २०१९, चारा छावण्या. भावजी म्हशी घेऊन छावणीत, आणि मी घरी गवताच्या बियाचा डबा जपतेय. त्यांनी एकदा विचारलं, "ते बी म्हशीला घालता येईल का?" विनोद होता की काय, अजून कळलेलं नाही.

जुलैत पाऊस लागल्यावर एकाच चराच्या भरावावर पेरलं. बी ओलसर माती आणि चाळलेल्या शेणखतात कालवलं, त्यामुळे उडालं नाही आणि मुंग्यांनाही सोपं गेलं नाही. दाताळ्याने रेघ ओढून टाकलं, वर माती सेंटीमीटरभर, जास्त नाही. खोल गेलं की हे बारीक बी वर येत नाही. जिथे विरळ उगवलं तिथे ओढ्याकडचे मारवेलाचे ठोंब फोडून लावले. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी भरावावर ते केसांसारखं दिसत होतं, लाज वाटावी असं.

२०२० च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस कसा कोसळला ते आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. माझ्या चराच्या वरचा आणि खालचा, दोन्ही चर तीन-तीन ठिकाणी फुटलेले, मुरूम थेट खालच्या ज्वारीत. मधल्या चराचा भराव उभा होता. मारवेलाच्या कांड्या आडव्या पसरून पेऱ्यापेऱ्याला मुळं धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक झुबक्याच्या वरच्या अंगाला गाळाची बोटभर पायरी साठली होती. मी भावजींना फोन करून बोलावलं. ते आले, पायाने गवत दाबून बघितलं आणि म्हणाले, "वरच्या चराने पाणी अडवलं म्हणून हा वाचला." वरचा चर फुटला होता! तीन ठिकाणी!

आता काही गोष्टी मागाहून सांगते, आधी सांगितल्या असत्या तर तुम्ही वाचलं नसतं. २०१८ ला आमच्याकडे पाऊसच नव्हता, त्यामुळे पहिल्या वर्षी चांगलं बी टाकलं असतं तरी फार उगवलं नसतं. मात्र भरावावर पडलेले ते तुरे मी नंतर चोळून पाहिले होते, दाणा नव्हता. दुसरं, मारवेलाला थोडी ओल आणि माती लागते. अगदी उघड्या कातळी मुरमावर डोंगरी, पवना किंवा अंजन घ्या. तिसरं, वनखात्याच्या हद्दीत किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय बी गोळा करू नका, रस्त्याकडेचं आणि बांधावरचं पुष्कळ असतं. चौथं, पेरल्यावर पहिली दोन वर्षं चराई बंद ठेवता येणार नसेल तर या फंदात पडूच नका, सरळ ठोंब लावा. आणि पाचवं, चाऱ्याचा कस फुलोऱ्यात असतो हे भावजींचं म्हणणं बरोबरच आहे. पण दहा गुंठे सोडून उरलेलं सगळं रान फुलोऱ्यात कापायला त्यांना कोणी अडवलं होतं?

एकरी बी किती लागेल हेही तुम्ही विचारलंय. अंजनाला हेक्टरी पाचेक किलो, म्हणजे एकरी दोनेक, असं साधारण धरतात, पण ते चांगल्या बियाण्याचं. तुमचं घरचं असेल तर आधी शंभर दाण्यांची परीक्षा, मग आकडा. आणि कापणीची तारीख घरात आत्ताच ठरवून घ्या. दसऱ्याला कुठे जाणार असाल तर कागदावर लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन.